गळ्यावर पट्टी नाही ती पोर्ट नव्हे

पोर्तुगालमध्ये तुला सगळ्यात जास्त काय आवडलं, असं सुट्टीत घरी आलं की कोणी ना कोणी विचारतंच. समुद्र म्हणण्यात अर्थ नाही. सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या माणसाला दुसऱ्याच्या समुद्राचं कौतुक सांगू नये. म्हणून मी खरं ते सांगते: पोर्ट वाइनच्या बाटलीच्या गळ्यावरची कागदी पट्टी. विचारणारा आधी हसतो, मग आईकडे बघतो.

पण ऐका तरी. त्या पट्टीवर एक नंबर असतो आणि ती पट्टी वाइनवाल्याला स्वतः छापता येत नाही. पोर्ट ज्या दोरू नदीच्या खोऱ्यात होते, तिथल्या वाइनवर देखरेख करणारी एक सरकारी संस्था आहे, ती देते. देण्याआधी त्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तिथून चाखणाऱ्यांच्या पॅनेलपुढे. समोरचा ग्लास कुठल्या कंपनीचा, हे त्या लोकांना ठाऊक नसतं. बाटलीवर ‘दहा वर्षांची टॉनी’ (टॉनी म्हणजे लाकडी पिंपांत मुरवलेली पोर्ट) असं लिहायचं असेल तर ती चाखल्यावर दहा वर्षांच्या टॉनीसारखी लागली पाहिजे. नाही लागली तर ते लिहिता येत नाही, मग घराणं दोनशे वर्षांचं का असेना. वर व्यापाऱ्याला एका वर्षात साठ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल विकायला बंदी. विकायला माल आहे, गिऱ्हाईक दारात आहे आणि कायदा म्हणतो, थांब. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आपले एप्रिलमधले आंब्याचे स्टॉल आठवले. कर्नाटकातून आलेली पेटी, वर ‘देवगड’ छापलेलं आणि विकणारा शपथेवर सांगतो की बाग त्याच्या मामाची आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते पेटीच्या खोक्यावर दिसतं, पेटीत असेलच असं नाही.

तिथे हा कडकपणा आला तोसुद्धा चोरीतूनच, हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पोर्तुगीज जन्मतः प्रामाणिक आहेत असं वाटेल. अठराव्या शतकात इंग्लंडला पोर्टची चटक लागली, मागणी वाढली आणि फिक्या वाइनला रंग यावा म्हणून लोक तीत एल्डरच्या झाडाची काळी फळं कुस्करू लागले. भाव कोसळले. तेव्हा पोंबाल नावाच्या मंत्र्याने १७५६ मध्ये दोरूच्या खोऱ्याभोवती हद्द आखली, पुढे ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि हद्दीतली एल्डरची झाडं उपटायला लावली. खांबाच्या आतलं द्राक्ष ते पोर्टचं, बाहेरचं ते नुसतं द्राक्ष. यातले काही खांब आजही उभे आहेत. मी एकाला हात लावून फोटो काढलाय, तो घरात कोणालाही बघण्यासारखा वाटला नाही.

मी राहते त्या पोर्तो शहरात आमचा चाखणाऱ्यांचा एक गट आहे. एक निवृत्त मास्तर, एक नर्स, एक ब्राझिलियन जोडपं आणि मी. बाटल्यांना कागद गुंडाळायचा, आधी वहीत लिहायचं, मग बोलायचं. मास्तर दोरूतल्या शेतकरी घरातले, त्यामुळे त्यांना सगळ्यांत कमी आवडतं आणि सगळ्यांत जास्त कळतं. ‘पोरगी तिकडे दारू पिते’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, तीन तासांत माझ्या पोटात जेमतेम एक ग्लास जातो, बाकी वास घेण्यातच वेळ जातो. आमच्याकडे गणपतीतल्या भजनाला बसणारे काहीजण याहून जास्त घेऊन बसतात. असो.

तर या मे महिन्यात मी बाटल्या घरी नेल्या. भारतात दोन लिटरपर्यंत आणता येते, म्हणून दोन मोठ्या आणि एक अर्धी. एक एलबीव्ही, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरलेली. एक दहा वर्षांची टॉनी. आणि अर्ध्या बाटलीत पांढरी पोर्ट. चौथी बाटली दादाने आणली: गोव्याची पोर्ट वाइन, जी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. आजीला पावसाळ्यात कफ झाला की चमचाभर देत असत ती. (परवान्याचं विचारू नका, दादाने काढला होता.)

पडवीत बसलो. दादा, वहिनी, दादाचे दोन मित्र आणि काका. ग्लास म्हणाल तर सरबताचे. तिकडे पोर्टसाठी आल्वारो सिझा या आर्किटेक्टने खास ग्लास काढलाय, दांडीला अंगठा टेकायला खाच असलेला. इथे कपाटातून जे निघालं ते. उकाडा असा की बाटली फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवेपर्यंत तिला पाणी सुटत होतं. चौघींना वर्तमानपत्र गुंडाळलं आणि आधी कोणी बोलायचं नाही असा नियम सांगितला. तो काकांनी पहिल्याच घोटाला मोडला.

“ह्या आमचाच असा,” काका म्हणाले. गोव्याची बाटली त्यांनी वासावरून ओळखली आणि पहिला नंबरही तिलाच दिला. दादाच्या एका मित्राने त्यांची री ओढली. मी समजावून सांगितलं की हिची गोडी वेगळी, एलबीव्हीत गोडीच्या मागून तुरटपणा येतो, जिभेच्या कडेला धरतो, पिकल्या करवंदाची साल चावल्यावर येतो तसा. मित्र म्हणाला, करवंदं तर फुकट आहेत.

खरी गंमत वहिनीने केली. वहिनी काजूच्या कारखान्यात प्रतवारीला असते. डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० हा फरक ती न मोजता सांगते, नुसता हात फिरवून. आधी ती बसायलाच तयार नव्हती, काकांसमोर ग्लास हातात कसा धरायचा म्हणून. आईच म्हणाली, वास घ्यायला काय हरकत आहे. वहिनीने टॉनीचा ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला, पुन्हा नेला. म्हणाली, “भाजलेले काजू. पण ताजे नाही, डबा उघडून दोन दिवस झालेले. हिला वारं लागलेलं आहे.”

मी थक्क झाले. टॉनी लहान लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवतात, लाकडातून हवा आत झिरपते, लाल रंग उडून विटकरी होतो आणि सुक्या मेव्याचा वास येतो. वारं लागणं हीच तर तिची सगळी कला. आमच्या गटात हे कळायला मला बराच काळ लागला होता आणि त्याबद्दल मास्तरांनी माझी पाठ थोपटली होती. वहिनीने मग एक घोट घेतला, आत गेली आणि खाजं घेऊन आली. आलं-गुळाचं मालवणी खाजं आणि टॉनी. तिकडे हिच्याबरोबर अंड्याच्या मलईचे छोटे टार्ट देतात. मी दोन्ही खाल्लंय आणि माझं मत खाज्याला आहे. यात गावाचा अभिमान नाही, गुळाने तो सुक्या खजुरासारखा स्वाद उचलून धरला एवढंच. बरं, थोडा अभिमान आहे. पांढऱ्या पोर्टचा मात्र तळलेल्या बांगड्यापुढे निभाव लागला नाही.

नंबर लावून झाले तशी मी कागद काढले आणि नको ते बोलले. गोव्याची बाटली वर धरून म्हटलं, ही चांगली असेल, पण पोर्ट नव्हे. हिच्या गळ्यावर पट्टी कुठे आहे?

यावर जो गदारोळ झाला तो सगळा लिहीत नाही. काकांना राग आला नाही, त्यांनी वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली. पोर्ट करतात कशी, सांग. सांगितलं. द्राक्षं जुन्या रीतीने दगडी टाक्यांत पायांनी तुडवायची. रस आंबायला लागला, निम्मी साखर अजून शिल्लक आहे, तोच त्यात ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं अर्क-मद्य ओतायचं, साधारण चार भागांना एक भाग. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, गोडी आत राहते आणि जोर १९ ते २२ टक्क्यांवर जातो.

“म्हणजे अर्ध्या आंबलेल्या निऱ्यात कडक फेणी ओतूची,” काका म्हणाले. निरो म्हणजे काजूच्या बोंडाचा रस. याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं. मग त्यांनी विचारलं, तां ७७ टक्क्यांचा त्याच खोऱ्यातला काय?

आता खोटं कसं बोलणार. तसं बंधन नाही. त्यातलं बरंचसं खोऱ्याबाहेरून येतं, स्पेनमधूनही.

“म्हणजे पाचवो वाटो भायरचो! आणि तू आमका नावाचो कायदो सांगतंस?”

पडवी हसली. मीही हसले, पण मला ते लागलं. कारण हाच मुद्दा दोरूतले शेतकरीही काढतात. वरून खोऱ्यात पोर्टसाठी किती रस वापरायचा याचा आकडा दरवर्षी ठरतो, तो हल्ली खाली येतोय, आणि त्याबाहेर उरलेलं द्राक्ष पडेल भावाने जातं. माझ्या लाडक्या व्यवस्थेत मास्तरांचे भाऊबंद खूश नाहीत, हे मी पडवीत सांगितलं नाही. तेवढा पक्षपात मी करते.

मग काकांनी विषय आमच्या काजूच्या बोंडांवर आणला, आणि तिथे माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमची काजूची बाग रेडीच्या अंगाला आहे. (बाग विकलेली नाही, दादा बघतो, फवारणीचे पैसे मी पाठवते.) बी आम्ही घेतो, बोंडू एकतर झाडाखाली कुजतो नाहीतर टेम्पोत बसून गोव्यात जातो. तिथे त्याचा निरो निघतो, भट्टी लागते, आधी हलका हुर्राक होतो, मग कडक फेणी होते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते गोव्याचं. म्हणजे फेणी हे नाव हद्दीपलीकडचं.

आणि ही हद्द कसली? लोक म्हणतात तेरेखोलची नदी. पण तेरेखोलचा किल्ला नदीच्या आमच्या बाजूला आहे. रेडीवरून तिकडे जाताना नदी लागतच नाही, एका वळणावर रस्त्याचा पोत बदलतो आणि गोवा सुरू होतो. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो किल्ला सावंतवाडीकरांकडून घेतला आणि तेवढा तुकडा त्यांच्याकडे राहिला. दहा वर्षांनी त्याच राज्याने दोरूत हद्द आखली. एका रेषेचं मी कौतुक करत फिरते, फोटो काढते. दुसऱ्या रेषेने आमची बाग बाहेर ठेवली. झाडं दोन्हीकडे तीच, माती तीच, आणि मुळात काजूच पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. “आमच्या बोंडांका नाव कित्याक नाय?” या काकांच्या प्रश्नाला मी म्हटलं, वेंगुर्ला काजूला मानांकन आहे की. काका म्हणाले, तां बियेचा.

परतताना मोपा विमानतळावर फेणीची बाटली घेतली आणि पोर्तोच्या गटापुढे कागद गुंडाळून ठेवली. नर्सने ग्लास लांब सरकवला. फेणीच्या वासाला पहिल्या भेटीत कोणी भलं म्हणत नाही, आणि ते मला झोंबलं. पडवीत मी गोव्याच्या बाटलीला नाकं मुरडली होती, इथे फेणीची वकिली करत बसले. ब्राझिलियन जोडप्याला मात्र घरची आठवण आली, काजूचं फळ त्यांच्याकडचंच. मास्तरांनी विचारलं, तुमच्या गावची का? मी सांगितलं, बोंडू कदाचित आमचा असेल, नाव गोव्याचं आहे, आणि मग किल्ल्याची सगळी गोष्ट कागदावर नकाशा काढून सांगितली.

ते म्हणाले, १९८६ पर्यंत पोर्ट परदेशी पाठवायची तर ती पोर्तोसमोरच्या गाया गावातल्या कोठारांतूनच जायची. खोऱ्यातल्या शेतकऱ्याने पिकवायचं, नदीच्या मुखाशी बसलेल्या कोठारवाल्याने विकायचं. त्यांच्या वडिलांची सगळी हयात त्यात गेली. मग नियम बदलला आणि मळेवाले स्वतःच्या नावाने पाठवू लागले. तुम्ही अर्ज केला का?

दादाला फोन केला. तो म्हणाला, आधी गाळायचा परवाना, मग नाव, आणि दोन्हींसाठी ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत खेटे घालायला माणूस लागतो, तू येतेस का? मी म्हटलं, अर्जाचा मसुदा मी इथून करून पाठवते, त्यासाठी यायला कशाला लागतं.