आमची वाटचाल : कोंबडीला हवा असलेला आडोसा

सुरुवातीला आम्ही घरटी बनवतच नव्हतो. जाळीची दारे, खाद्याच्या पन्हळी, पाण्याच्या नळ्यांचे स्टँड अशी कामे घ्यायचो. पिंजरे सोडून शेडमध्ये मोकळ्या कळपाने कोंबड्या ठेवणाऱ्या एका ग्राहकाने अंड्यांसाठी कप्पे मागितले. आम्ही पत्र्याचे चौकोनी कप्पे रांगेत जोडले, तळाला तारेची जाळी टाकली आणि पाठवून दिले. मापे बरोबर होती, वेल्डिंग पक्के होते. पंधरवड्यात फोन आला. बरेचसे कप्पे रिकामे, आणि अंडी कोपऱ्यात, भिंतीच्या कडेला, तुसात. अशी अंडी मळतात, तडकतात. आणि फुटलेल्या अंड्याची चव लागली की कोंबड्या अंडी खायला लागतात.

मी पहाटेच जाऊन शेडमध्ये बसलो. त्या एका सकाळने आमचा धंदा बदलला.

बहुतेक अंडी सकाळीच पडतात. पण त्याआधी तास-दोन तास कोंबडी अस्वस्थ असते. फिरते, एकेका कप्प्यात मान घालून पाहते, आत जाते, बाहेर येते. मनासारखी जागा मिळाली की बसते, गोल फिरते, पायांनी तळ उकरते, छातीने दाबते. ही ओढ शिकवलेली नसते. आदल्या दिवशी अंडाशयातून बलक सुटतो, तेव्हाच्या संप्रेरकांनी ती जागी होते. म्हणून आयुष्यात घरटे न पाहिलेली कोंबडीही ते शोधते. नाहीच मिळाले तर येरझाऱ्या घालत लांबट, कण्हल्यासारखा आवाज काढते. घरट्याच्या वाटेत जड दार ठेवून केलेल्या प्रयोगांत, अंडे घालायची वेळ जवळ आली की कोंबड्या भुकेल्या असताना खाद्यासाठी लावतात तेवढा जोर लावताना दिसल्या. हे वाचल्यावर रिकामी जाळी विकायला मन धजेना.

तळाला कृत्रिम हिरवळीची चटई आली. तोंडाशी पट्ट्यांचा पडदा आला. आतला अंधार नुसत्या निवांतपणासाठी नाही: अंडे बाहेर पडताना गुदद्वाराचा लाल भाग क्षणभर उघडा राहतो, आणि उजेडात तो दिसला की बाकीच्या टोचतात. एकदा रक्त आले की ते थांबवणे अवघड असते. तळाच्या उतारावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. अंडे घरंगळून बाहेरच्या पट्ट्यावर यायला हवे, पण कोंबडीला सपाटीकडे झुकणारा तळच आवडतो.

सगळ्यात मोठा धडा मात्र दुःखाचा होता. कप्पे सगळे सारखे, तरी कोंबड्या रांगेच्या टोकाचेच निवडतात; शिवाय जिथे एक बसली आहे तिथेच दुसरी शिरते. एका कळपात टोकाच्या कप्प्यात अशी गर्दी झाली की खालच्या गुदमरून मेल्या. शेजारचे कप्पे मोकळे होते. त्यानंतर आम्ही समोरच्या फळीवर दर काही कप्प्यांनंतर उभा आडपडदा लावू लागलो. रांगेला अनेक टोके मिळाली आणि गर्दी पांगली.

कप्पे किती, यासाठी युरोपीय संघाचा 1999 चा नियम आम्ही किमान मानतो: 7 कोंबड्यांमागे एक घरटे, किंवा सामूहिक घरटे असेल तर 120 कोंबड्यांमागे 1 चौरस मीटर.

आता ऑर्डर आली की मी आधी विचारतो, तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, कशा वाढवल्यात? पहिल्या चार आठवड्यांतच दांड्यांवर चढायला मिळालेल्या पिल्लांना पुढे उंचावरच्या घरट्यात जाणे जमते आणि जमिनीवरची अंडी कमी होतात. म्हणून पिल्लांसाठी बुटक्या दांड्याही आम्हीच करतो. सध्या रात्री घरटी बंद ठेवणाऱ्या फळीवर काम चालू आहे, म्हणजे त्यांत झोपून कोणी घाण करणार नाही. पहिली कोंबडी जागा शोधू लागण्याआधी ती उघडलीच पाहिजे, आणि तेवढे अजून आमच्या मनासारखे जमलेले नाही.