तुम्ही विचारलंत म्हणून: आत ते जाणवतं का?

माझ्या छातीत पेसमेकर आहे, विजेचा हलका इशारा देऊन हृदयाचे ठोके चालू ठेवणारी डबी. बाजारात भेटणारा माणूस आधी तब्येत विचारतो, मग आवाज जरा खाली आणून खरा प्रश्न काढतो, "सर, आत ते मशीन चालतंय ते समजतं काय हो?" आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात विचारलं, देवळात विचारलं, परवा न्हाव्याने माझ्या तोंडाला साबण लावून झाल्यावर विचारलं. दर वेळी "नाही हो" म्हणून मी सुटतो. उत्तर खोटं नाही, पण अर्धं आहे.

दोन वर्षांपूर्वी, छप्पन्नाव्या वर्षी, माझी महाधमनीची झडप बदलली. तिला जन्मापासूनच तीनऐवजी दोन पाकळ्या होत्या. पन्नाशी उलटेपर्यंत मला याचा पत्ता नव्हता, आणि तोवर चुना साचून ती पावसाळ्यातल्या खिडकीसारखी घट्ट झाली होती. त्या जागी धातूची झडप बसली. हृदयाच्या वरच्या कप्प्यातला ठोक्याचा निरोप खाली नेणारा धागा याच झडपेला लागून जातो. शस्त्रक्रियेत तो दुखावला, तर बऱ्याच जणांचा काही दिवसांत सावरतो. माझा सावरला नाही. आठवडाभर बाहेरून ठोके चालवणाऱ्या तात्पुरत्या तारांवर होतो, आणि त्या थांबवून पाहिल्या की नाडी पस्तिशीत. मग डाव्या हासळीच्या हाडाखाली पेसमेकर आला. काडेपेटीएवढा, पण चपटा. रक्त पातळ करायचं औषध चालूच असल्याने छातीचा तेवढा भाग पिकल्या जांभळासारखा झाला होता. तो निवळायला तीन आठवडे लागले.

तर, जाणवतं का? कुशीवर झोपलं की कातडीखाली डबीची कड लागते. बाकी काही नाही. आमच्याकडे भजनात बुवा ओळ सोडतो आणि मागचे झील ओढतात, तसा हा प्रकार. वरचा कप्पा अजून स्वतःचंच गातो. खाली त्याचं ऐकू जात नाही म्हणून पेसमेकर ती ओळ उचलून खालच्याकडून झील ओढून घेतो. जिना चढताना वरच्याने लय वाढवली की खालचीही वाढते. टिकटिक ऐकू येते ती पेसमेकरची नव्हे, झडपेची. गेल्या वर्षी परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षणाला होतो, तर पहिल्या बाकावरची मुलगी दोनदा मान वर करून भिंतीवर घड्याळ शोधत होती. भिंतीवर घड्याळ नव्हतं. मी हळूच मागच्या बाकांकडे सरकलो.

एकदाच खरं जाणवलं. वर्षाच्या तपासणीत तंत्रज्ञाने डबीवर एक चकती ठेवली आणि "थोडं गरगरेल हं" म्हणाला. विजेचा जोर हळूहळू कमी करत नेला, किती कमी जोरात हृदय उत्तर देतं ते बघायला. एका जागी ते उत्तर देईना. दोन सेकंद असतील. खुर्ची खालून काढून घ्यावी तसं झालं, आणि लगेच सगळं पूर्ववत. "छान आहे," तो म्हणाला आणि आकडा लिहून घेतला.

मोबाइल उजव्या कानाला धरायचा, डाव्या खिशात ठेवायचा नाही. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन हात लांब राहायचं, हे तर माझ्या पथ्यावरच पडलं. मोपाच्या विमानतळावर पेसमेकरचं कार्ड दाखवायचं. याची सवय महिन्याभरात होते. बॅटरी दहाएक वर्षं चालते आणि संपत आली की कित्येक महिने आधी तपासणीत कळतं, पण माझी बायको काही केल्या निर्धास्त होईना. तिला मी आर्ने लार्सन यांची गोष्ट सांगितली. १९५८ साली स्वीडनमध्ये शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर त्यांचा. तो काही तासांतच बंद पडला. पुढे एकामागून एक बदलत एकूण सव्वीस झाले आणि हे गृहस्थ २००१ पर्यंत, शहाऐंशी वर्षांचे होऊन जगले. "सव्वीस?" ही म्हणाली. धीर द्यायला गेलो होतो.

पण जाणवते ती गोळी. रक्त पातळ करणारी, धातूच्या झडपेमुळे जन्माची मागे लागलेली. तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. आज दोन मिलिग्रॅम, उद्या तीन, रोज रात्री आठला. रक्त तपासून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. खाली गेला तर झडपेवर गाठ धरायची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व गोळीचा जोर मोडतं म्हणून मी आधी भाज्याच सोडल्या. पहिल्या पावसात बाजारात टाकळा आला, तांबडी भाजी आली, आणि मी आंबट चेहऱ्याने डाळ-भात खात होतो. तपासणीला डॉक्टरांनी झापलं: भाजी खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच खा, गोळी आम्ही भाजीच्या मापाने बसवू. तेव्हापासून हीच माप काढते. माझ्या वाडग्यावर तिने नखाने एक खूण केली आहे.

दुसरी चूक माझीच. गुडघा दुखला म्हणून औषधाच्या दुकानातून साधी वेदनाशामक गोळी आणली. चौथ्या दिवशी तोंड धुताना घोळणा फुटला तो अर्धा तास थांबेना. ती साधी गोळी माझ्यासाठी साधी नव्हती. आता दुखलं तर आधी फोन. नातेवाईक प्रेमाने काढे आणतात, ते फडताळात रांगेने उभे आहेत.

डॉक्टर पुण्याचे. "घुमट वाजवता येईल ना?" असं मी विचारलं तेव्हा ते माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या डोळ्यांपुढे देवळाचा घुमट. मोबाइलवर व्हिडिओ दाखवावा लागला: मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं, डाव्या काखेत धरून उजव्या हाताने थाप. "म्हणजे नेमकं डबीपाशीच," ते म्हणाले. पेसमेकरच्या तारा हृदयात रुजेपर्यंत सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायची बंदी होती, घुमटाला त्यांनी आणखी थांबायला सांगितलं. त्या चवथीला मी खुर्चीत बसून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, बांधणाऱ्या पुतण्यांना सूचना दिल्या. नारळ मध्ये घे, कांगलां तिकडे, सुपारीचा घोस खाली आलाय. पोरं वैतागली. आरतीला माझ्या हातात मोठ्या झांजांसारखी कासाळें दिली.

यंदा घुमट घेतलं. पट्टा उजव्या खांद्यावर, खाली फडक्याची घडी. तिसऱ्या घरी आरती रंगात आली आणि ही गर्दीतून वाट काढत आली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळव्यावर गोळी. आठ वाजले होते. थाप सोडून मी गोळी तोंडात टाकली, घोट घेतला. माझं एक आवर्तन गेलं. समेळ नावाचा ढोल वाजवणाऱ्याने ते भरून काढलं, वर माझ्याकडे बघून डोळेही मोठे केले.