वैनगंगेच्या काठी ॲनिमेशन शिकताना

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड आणि ब्रह्मपुरी असे टप्पे घेत वडशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर विदर्भाची शेती डोळ्यांदेखत बदलत जाते. उमरेडच्या कोळसा खाणींपर्यंत कापूस, सोयाबीन आणि तूर सोबत करतात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरचीचे भिवापूर मागे पडले की धानाच्या बांध्या दिसू लागतात, आणि नागभीडनंतर रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान आणि त्याला पाणी पुरवणारे जुने मालगुजारी तलाव एवढेच उरते. ऑक्टोबरच्या अखेरीस हलके धान कापणीला आलेले असते आणि भारी धान अजून हिरवटपणा धरून उभे असते. ब्रह्मपुरी सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला की चंद्रपूर जिल्हा संपतो, गडचिरोली जिल्हा लागतो आणि समोर वडसा येते. त्याचे सरकारी नाव देसाईगंज असले तरी बसमध्ये ते नाव कोणी घेत नाही.

मला जायचे होते ते तिथून पुढे, नदीकाठच्या एका गावात. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये कागदावर हाताने ॲनिमेशन करण्यात उमेदीची वर्षे घालवलेले एक ज्येष्ठ ॲनिमेटर निवृत्तीनंतर आपल्या या मूळ गावी परतले आहेत. विदर्भातल्या छोट्या गावांमधून हे काम करणाऱ्या तरुणांना ते वर्षातून एकदा घरी बोलावतात. कार्यक्रमाला नाव नाही, फलक नाही, प्रवेश शुल्क नाही. दिवसा जिल्हा परिषदेच्या शाळेतला एक वर्ग आणि रात्री गावातल्या घरांमध्ये मुक्काम, एवढीच व्यवस्था असते. आम्ही त्यांना सर म्हणतो आणि गावातली मुले आबाजी म्हणतात.

28 ऑक्टोबरच्या आसपासचे दिवस ते मुद्दाम निवडतात. 1892 मध्ये त्या तारखेला एमिल रेनो या फ्रेंच कलावंताने पॅरिसच्या ग्रेवाँ संग्रहालयात हाताने रंगवलेल्या चित्रपट्ट्या पडद्यावर हलवून दाखवल्या होत्या. त्यांपैकी एका पट्टीत सुमारे 500 चित्रे होती, आणि ल्युमिए बंधूंचा सिनेमा लोकांसमोर यायला तेव्हा अजून तीन वर्षांचा अवकाश होता. आसिफा ही ॲनिमेटरांची आंतरराष्ट्रीय संघटना 2002 पासून हा दिवस जगभर साजरा करते, आणि तिच्या भारतीय शाखेमुळे आपल्याकडेही अनेक शहरांत त्या निमित्ताने व्याख्याने आणि चित्रपटांचे खेळ होतात. पुढे सिनेमाने रेनोला मागे टाकले आणि खचलेल्या त्या माणसाने आपल्या बहुतेक पट्ट्या सेन नदीत फेकून दिल्या. ही हकीकत सरांनी मुलांना घाटाच्या पायरीवर बसवून सांगितली तेव्हा एका मुलीने, "मंग त्या सापडल्या का नाही, आबाजी?" असे विचारले. दोन चित्रपट्ट्या वाचल्या, हे उत्तर ऐकून तिला झालेला आनंद मला फार खरा वाटला.

शाळेतला पहिला दिवस मुलांचा होता. पूर्व विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि मुले चाकांवरचे लाकडी नंदीबैल सजवून मिरवतात. ते नंदीबैल वर्षभर घरात फळीवर किंवा देवळीत पडून असतात. सरांनी मुलांना तेच आणायला सांगितले होते. वर्गाच्या खिडक्यांना चादरी लावून ऊन अडवले होते, कारण स्टॉप मोशनमध्ये, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवून दर वेळी छायाचित्र घेण्याच्या पद्धतीत, प्रत्येक छायाचित्राच्या वेळी उजेड बदलत गेला तर पडद्यावर चित्र लुकलुकत राहते. विटांच्या चळतीवर मोबाईल घट्ट बांधला होता, त्यातला फोकस आणि प्रकाश कायम करून ठेवला होता आणि फरशीवर खडूने एक रेघ ओढली होती. सेकंदाला 12 छायाचित्रे घ्यायची, म्हणजे पडद्यावर प्रत्येक छायाचित्र दोन फ्रेम, म्हणजे सिनेमाच्या दोन सुट्या चित्रांइतके, टिकते आणि 24 फ्रेमचा सेकंद पुरा होतो. जुन्या स्टुडिओंमधली बरीचशी चित्रेही याच हिशेबाने काढली जात.

मुलांनी पहिल्यांदा बैल प्रत्येक वेळी दोन बोटे पुढे सरकवला. सरांनी ते चालवून दाखवले तेव्हा पाचवीतल्या एका मुलाने अगदी नेमका प्रश्न विचारला, "आबाजी, माहा बैल ढकलल्यावानी काहून दिसते?" माझ्या मते त्या दिवसाचे सगळे शिक्षण या एका प्रश्नात होते. लाकडी बैलाचे पाय हलत नाहीत, मान वळत नाही, शेपूट उडत नाही. त्याच्यात जीव आणण्यासाठी ॲनिमेटरच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दोन छायाचित्रांमधले अंतर. सरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी खडू उचलून रेघेवर नव्या खुणा केल्या. पहिली खूण धानाच्या दाण्याएवढ्या अंतरावर होती, दुसरी दोन दाण्यांच्या, पुढची बोटभर, मग दोन बोटे, तीन बोटे, आणि शेवटाकडे पुन्हा कमी होत होत दाण्याएवढी. खुणा पहिल्याइतक्याच 12 होत्या आणि वेळही तोच एक सेकंद. या वेळी बैल जागचा सुटला, त्याने वेग घेतला आणि तो स्वतःहून थांबला. वर्गात एवढा आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई पाहायला आल्या.

या तत्त्वाला आम्ही स्पेसिंग म्हणतो आणि सुरुवातीला व शेवटी खुणा दाट ठेवण्याला स्लो इन, स्लो आउट म्हणतो. डिस्नेचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 मध्ये पुस्तकातून मांडलेल्या बारा तत्त्वांत त्याचा समावेश आहे आणि ॲनिमेशनच्या कोणत्याही अभ्यासक्रमात ते शिकवले जाते. परंतु आधी चूक डोळ्यांना बोचावी, तिचे कारण हातांनी शोधावे आणि नाव सगळ्यांत शेवटी कळावे, हा क्रम मी क्वचितच पाहिला आहे. सरांनी मुलांना ती नावे सांगितलीच नाहीत. दुपारनंतर मुलांनी बैलाला दचकवायला सुरुवात केली. तो पुढे झेपावण्याआधी एक दाणाभर मागे सरकायला हवा, हे एका मुलीने आपसूक शोधून काढले. त्याला आम्ही अँटिसिपेशन म्हणतो. दादासाहेब फाळके यांनी 1915 च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यापेटीतल्या काड्या हलवल्या होत्या, तेव्हा त्यांच्यापुढेही हेच प्रश्न असणार. भारतीय ॲनिमेशनचा तो अगदी आरंभीचा प्रयत्न एका मराठी माणसाच्या हातून झाला, हे मुलांना सांगताना सरांचा आवाज चढला होता.

संध्याकाळी सर आम्हा मोठ्यांना वडशाला घेऊन गेले. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे आहेत. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया म्हणजे जत्रा आणि पुढे शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या की रात्रभर चालणारी ही नाटके गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत होळीपर्यंत चालू राहतात. एका तालमीला आम्हाला बसू दिले. सरांनी आम्हाला संवाद ऐकू नका, फक्त नटांच्या आकृती पाहा, असे सांगितले. हजारोंच्या गर्दीत अगदी मागे बसलेल्या माणसालाही राग, लाज, विनवणी कळावी म्हणून हे नट हात अंगापासून सुटा ठेवतात आणि वाक्याआधी देह वळवतात. आकृती काळ्या रंगाने भरली तरी भाव वाचता आला पाहिजे, अशी परीक्षा ॲनिमेटर आपल्या चित्राची घेतो. ती परीक्षा इथला नट उभ्या अंगाने देत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामे दाखवण्याची बैठक झाली. भंडारा, यवतमाळ, वाशीम अशा जिल्ह्यांतून आलेली ही मुले-मुली बहुतांशी मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून शिकलेली आहेत. ब्लेंडर हे ॲनिमेशनचे मोफत सॉफ्टवेअर नसते तर त्यांच्यातली निम्मी या क्षेत्रात आलीच नसती, असे मला वाटते. कोणी लहान मुलांच्या गाण्यांचे व्हिडिओ करून घर चालवते, कोणी कृषी खात्याच्या माहितीपटांसाठी चित्रे हलवते. वीज जाण्याच्या वेळा पाहून रात्री रेंडर, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्रे तयार करून घेण्याचे काम, लावणे सगळ्यांच्याच अंगवळणी पडले आहे. सॉफ्टवेअरमधली त्यांची सफाई थक्क करणारी होती. मात्र आपल्या कामाकडे दुसऱ्या जाणत्या माणसाने नीट पाहिल्याचा अनुभव त्यांच्यापैकी बहुतेकांना नव्हता.

लाखांदूरकडच्या एका तरुणाने डोक्यावर धानाचा भारा घेऊन चालणारी बाई केली होती. भार दाखवायचा म्हणून त्याने चाल संथ ठेवली होती, प्रत्येक पावलाला गुडघे खोल वाकवले होते आणि डोके वरखाली जात होते. माणसाच्या साधारण चालीत एका पावलाला 12 फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद लागतो. त्याने 18 ठेवल्या होत्या. पुस्तकाप्रमाणे हे बरोबरच वाटावे. सरांनी तो शॉट वारंवार पाहिला, काही न बोलता चपला घातल्या आणि आम्हाला बांधीकडे नेले.

कापणी चालू होती. बाया बांधावरून भारे घेऊन खळ्याकडे जात होत्या आणि सर हातातले स्टॉपवॉच दाबत त्यांची पावले मोजत होते. भारा घेतलेली बाई संथ चालत नव्हती. तिची पावले आखूड आणि झपाझप पडत होती, एका पावलाला 10 फ्रेमही लागत नव्हत्या, आणि डोके जणू ताणलेल्या दोरीवरून सरळ जात होते. धक्का सगळा गुडघे आणि कंबर पिऊन टाकत होती. सरांनी एका बाईंना थांबवून मान हलत कशी नाही, असे विचारले. त्या म्हणाल्या, "मान हालली तं भारा पडते ना जी. अन् हळू चाललं तं मान दुखते." मग ओझे दिसत होते कुठे? ते भाऱ्याच्या दोन्ही टोकांना लोंबणाऱ्या लोंब्यांत होते, ज्या पाऊल पडल्यानंतर क्षणभर उशिरा झुलत होत्या. भारा सावरणाऱ्या हाताच्या ताठ कोपरात ते होते. आणि सर्वांत जास्त होते ते खळ्यावर भारा टाकल्यानंतरच्या क्षणात, जेव्हा बाईंची मान अगदी थोडी वर आली आणि खांदे सैल झाले.

शाळेत परतल्यावर सरांनी खालून उजेड देणारा लाइटबॉक्स काढला, कागद जागेवर धरणाऱ्या पेगबारवर त्या तरुणाच्या शॉटमधल्या मुख्य पोझच्या प्रती लावल्या आणि वर कोरा कागद ठेवून लाल पेन्सिलीने नव्या पोझ काढल्या. पाच कागद बोटांमध्ये धरून ते खालीवर उलटत होते आणि बाई आमच्यासमोर चालत होती. मुंबईत पूर्वी प्रत्येक नवशिका असाच ज्येष्ठाच्या टेबलाशी उभा राहून शिकला. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेच्या कार्टून विभागाला 1956 मध्ये क्लेअर वीक्स भेटले. ते भारतातच जन्मलेले आणि डिस्नेत काम केलेले ॲनिमेटर होते. त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी राम मोहन यांनी पुढे दोन-तीन पिढ्या घडवल्या आणि 2014 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका माणसाने दुसऱ्याच्या चित्रावर पेन्सिल चालवणे, हीच या कलेची आपल्याकडची खरी शाळा होती. व्हिडिओमधला शिक्षक कितीही चांगला असला तरी त्याला तुमचे चित्र दिसत नाही, आणि मोठ्या शहरांतल्या संमेलनांचे भाडे व शुल्क लाखांदूरच्या तरुणाला परवडत नाही. म्हणून जाणत्या ॲनिमेटरांनी वर्षातले काही दिवस तरी गावांकडे यावे, असे मला कळकळीने वाटते. येथे त्यांच्यासाठीही पाहण्यासारखे पुष्कळ आहे, कारण हातापायांनी केलेली जी कामे शहरात दिसेनाशी झाली, ती इथल्या बांधीत रोज चालतात.

दुपारी जेवणात भात, आंबाडीची भाजी आणि नदीचे मासे होते. त्यानंतर तो तरुण कोणाशीही न बोलता लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसला. संध्याकाळी त्याने दाखवलेल्या शॉटमध्ये पाऊल 10 फ्रेमचे झाले होते आणि डोके स्थिर होते, पण लोंब्या अजून पावलाबरोबरच हलत होत्या. सरांनी लोंब्यांची हालचाल चार फ्रेम मागे ढकलायला सांगितली. त्याने लगेच दोन, तीन, चार असे करून पाहिले आणि तीनवर थांबला. सरांनी पुन्हा पाहिले आणि तीनच बरोबर आहे हे मान्य केले.

निघण्यापूर्वी पुढची भेट ठरली. जानेवारीत जवळच्या गावात शंकरपट भरतो. बैलाची चाल आम्हाला बरीचशी कळली आहे. मागचा डावा पाय, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, हा क्रम मुलांनी चिखलातल्या खुरांच्या ठशांवरून पडताळून पाहिला. धावेत मात्र तो क्रम मोडतो आणि जोडीतल्या दोन बैलांची लय एक होते की वेगवेगळी राहते, यावर आमच्यात एकमत झाले नाही. एडवर्ड मायब्रिजने 1878 मध्ये घोड्याच्या धावेची छायाचित्रे ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी घेतली होती. आम्ही मोबाईलवर सेकंदाला 240 फ्रेमने पट टिपणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी पेन्सिल, कोरे कागद आणि आपला अपुरा राहिलेला एखादा शॉट सोबत आणावा. पुरा झालेला शॉट सर पाहत नाहीत.