आमची वाटचाल : ज्या घरात कुणालाच चिनी येत नाही, त्या घरासाठी

सिंगापूरमध्ये आम्ही लहान मुलांसाठी घरी चिनी वाचायला शिकण्याचे संच तयार करतो. संचात छोट्या पुस्तिका, अक्षरांची कार्डं, चौकटींची वही आणि पालकांसाठी एक मार्गदर्शिका असते. पानावर टेकवलं की वाचून दाखवणारं पेन वेगळं मिळतं. आमच्याकडे येणारे आई-बाबा मराठी असतात, तमिळ असतात, फिलिपिनो, इंडोनेशियन असतात. सगळ्यांची अडचण एकच: मुलाला शाळेत चिनी आहे आणि घरात ती कुणालाही वाचता येत नाही. अशा घरातही मूल आईजवळ बसून चिनी वाचू शकतं, असं सुरुवातीला आम्हाला वाटत होतं. आता ते खात्रीने माहीत आहे.

इथली व्यवस्था बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही, म्हणून थोडं सांगते. सिंगापूरच्या शाळांत बाकीचे विषय इंग्रजीतून असतात आणि सोबत एक ‘मातृभाषा’ घ्यावी लागते. ती चिनी, मलाय किंवा तमिळ. भारतीय मुलांना हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी किंवा उर्दूही घेता येते. या यादीत मराठी नाही. त्यामुळे बरीचशी मराठी घरं हिंदीकडे वळतात. पण इथल्या बालवाडीत, के-वन आणि के-टूमध्ये, चिनी अनेक ठिकाणी सगळ्याच मुलांच्या कानावर पडते. काही मुलं तिच्यात रमतात आणि मग पुढेही तीच ठेवावी असं घरात ठरतं. आमच्या घरी तसंच झालं.

प्रायमरी वनमध्ये ‘थिंगश्ये’ सुरू झालं, म्हणजे श्रुतलेखन. शिक्षिकेने शब्द उच्चारायचा आणि मुलांनी तो अक्षरांत लिहायचा. पुढच्या श्रुतलेखनाची यादी आधी घरी येते, पण सराव घेणार कोण? ट्यूशन लावणं हा इथला नेहमीचा मार्ग. आम्ही शेजारच्या ब्लॉकमधल्या एका निवृत्त लाओशींना, म्हणजे शिक्षिकेला, विचारलं की एवढे शब्द तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून द्याल का. त्यांनी शब्द दिलेच, शिवाय प्रत्येक शब्दाचं मुलाला कळेल असं एकेक वाक्यही दिलं. ते रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवरून वर्गातल्या इतर पालकांकडे गेलं, त्यांच्याकडून आणखी कुणाकडे. ओळख नसलेल्या आयांचे फोन येऊ लागले, तेव्हा मी आणि माझ्या नवऱ्याने लाओशींसोबत बसून रीतसर काम सुरू करायचं ठरवलं. एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, फ्लॅटमधून लहान घरगुती व्यवसाय करायला इथे मुभा आहे, फक्त दारावर पाटी लावता येत नाही. लाओशी आजही आमच्या भागीदार आहेत, आणि आमच्या प्रत्येक पुस्तिकेतला आवाज त्यांचाच आहे.

नुसतं श्रुतलेखन पार पाडून देणं हा मात्र व्यवसायाचा पाया होऊ शकत नव्हता, कारण यादी पाठ करणारं मूल वाचत नसतं. आम्ही ब्रास बासाह कॉम्प्लेक्समधली चिनी पुस्तकांची दुकानं पालथी घातली, सार्वजनिक वाचनालयातून पिशव्या भरभरून पुस्तकं आणली. फार सुंदर पुस्तकं आहेत. पण चीनमध्ये छापलेली बालपुस्तकं एक गोष्ट गृहीत धरतात: मुलाला भाषा बोलता येते, फक्त अक्षर ओळखायचं बाकी आहे. बीजिंगच्या पाच वर्षांच्या मुलीला ‘पाऊस’ हा शब्द केव्हाचा माहीत असतो, अक्षर दाखवलं की ती तो त्याच्याशी जोडते. आमच्या मुलांकडे जोडायला शब्दच नसतो. त्यांना अक्षर, उच्चार आणि अर्थ तिन्ही एकदम पेलायला सांगितलं जातं आणि मग ‘चिनी फार अवघड बुवा’ असं घरभर होतं.

म्हणून आमचा पहिला संच कानांचा आहे. त्यात वाचायचं काही नाही. चित्रं आहेत, लाओशींचा आवाज आहे, आणि जेवताना, आंघोळीच्या वेळी, बूट घालताना म्हणायची छोटी वाक्यं आहेत. पहिल्या पुस्तिकेत जी अक्षरं येणार, त्यांचे शब्द मुलाच्या तोंडी आधी बसलेले असतात. पालकांना हा संच वेळकाढू वाटतो. ‘अक्षरं कधी सुरू करायची?’ हा आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मूल चित्र बघून न अडखळता बोलू लागलं की, हे आमचं उत्तर, आणि त्यात आम्ही सूट देत नाही.

पुढचा मोठा वाद पिनयिनचा. पिनयिन म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत. चीनने ती १९५८ मध्ये स्वीकारली आणि सिंगापूरच्या शाळाही तीच शिकवतात. उपयोगी आहे, यात शंका नाही. पण चिनी अक्षराच्या डोक्यावर पिनयिन छापलं की इंग्रजी येणाऱ्या मुलाचा डोळा वरच्या ओळीवरच धावतो. खालचं अक्षर न पाहता ते पूर्ण पुस्तक खडाखडा वाचून दाखवतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की मूल चिनी वाचतंय. आमच्या पुस्तिकांत पिनयिन पानाच्या मागच्या बाजूला असतं; अडलं तरच पान उलटायचं. चीनमध्येही २०१७ पासून देशभर लागू झालेल्या पहिलीच्या नव्या पाठ्यपुस्तकात आधी थोडी अक्षरं येतात, आकाश, पृथ्वी, माणूस, तू, मी, तो, आणि पिनयिन त्यानंतर. ते पुस्तक हातात घेतल्यावर लाओशींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मला आठवतं. इतकी वर्षं त्या हेच म्हणत होत्या.

पालकांनी स्वतः मात्र पिनयिन शिकावं असा आमचा आग्रह असतो, आणि इथे मराठी माणसाच्या हाती एक ठेवा आहे. रोमन अक्षरं बघून आपण इंग्रजी उच्चार करतो आणि फसतो. चिनीत ‘बी’ आणि ‘पी’ यांतला फरक ब आणि प यांचा नाही; तो प आणि फ यांचा आहे, आणि तो फ ओठ मिटून, श्वास सोडून म्हटलेला खरा फ. ‘डी’ आणि ‘टी’ म्हणजे जवळपास त आणि थ. ‘जी’ आणि ‘के’ म्हणजे क आणि ख. इंग्रजी कानाला हा भेद कष्टाने शिकवावा लागतो, आपल्याला तो बाराखडीतून मिळालेला आहे. त्याहून मोठी गंमत म्हणजे पिनयिनचा ‘झेड’: तो आपल्या ‘चाक’मधला च. आणि ‘जे’ म्हणजे ‘चार’मधल्या च च्या जवळचा. चाक आणि चार यांतला फरक जिभेला ठाऊक असलेल्या आईला चिनीतलं हे दालन अर्धं उघडलेलंच असतं. आमच्या मार्गदर्शिकेतली ही दोन पानं मी मराठीतच लिहिली, आणि ती लिहिताना जेवढा आनंद झाला तेवढा दुसऱ्या कुठल्याही पानाने दिला नाही. सूर मात्र देवनागरीत मावत नाहीत. एकच ‘मा’ सपाट उंच म्हटलं तर आई, खाली दाबून म्हटलं तर घोडा, वरून झटकन खाली आणलं तर शिव्या देणं. सूर ऐकूनच शिकायचे.

चित्रकार्डांबद्दलही बोलायला हवं. डोंगराच्या चित्रातून डोंगराचं अक्षर, झाडातून झाड, दोन झाडांची राई, तीन झाडांचं अरण्य: मुलांना हे भारी आवडतं आणि आम्हीही सुरुवातीला तेच देतो. पण सगळी चिनी अक्षरं म्हणजे चित्रं, असं सांगून कार्डं विकणं मला पटत नाही. बहुतांश अक्षरं चित्रं नसतात. त्यांचा एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. ‘आई’च्या अक्षरात डावीकडे स्त्री आहे आणि उजवीकडे घोडा, कारण घोड्याचा उच्चारही मा. नदी, तळं, समुद्र, धुणं या सगळ्यांच्या डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब. ‘छिंग’ असा उच्चार सुचवणाऱ्या एका भागाला पाण्याचे थेंब जोडले की ‘स्वच्छ’, सूर्य जोडला की ‘निरभ्र’, बोलण्याची खूण जोडली की ‘कृपया’. मुलाला हे एकदा दिसलं की न शिकवलेल्या अक्षरावरही ते अंदाज बांधू लागतं. आमचा तिसरा संच पूर्णपणे या अक्षरकुटुंबांवर आहे आणि आमच्या सगळ्या कामात मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो.

पुस्तिकांतली वाक्यं जाणूनबुजून साधी ठेवतो. नवीन अक्षर आलं की ते पुढच्या पानांवर पुन्हा पुन्हा भेटतं, आणि बाकी सगळं ओळखीचं असतं. चिनी मजकुरात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आपल्या मोडीसारखंच, त्यामुळे शब्द कुठे संपला हे मुलाला अर्थावरूनच कळावं लागतं. सुरुवातीच्या पुस्तिकांत आम्ही शब्दांमध्ये किंचित अंतर ठेवतो आणि पुढे ते काढून टाकतो.

बोलक्या पेनमागे बरंच तांत्रिक काम आहे. कागदावर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक ठिपके छापलेले असतात. पेनाच्या टोकातला कॅमेरा अवरक्त प्रकाशात ते वाचतो आणि त्या जागेचा आवाज लावतो. ठिपके कार्बन असलेल्या काळ्या शाईत लागतात, आणि चित्रांतला काळा रंग मात्र कार्बनविरहित हवा, म्हणजे निळा, गुलाबी आणि पिवळा मिसळून केलेला. नाहीतर पेनाला सगळंच काळं दिसतं. एका छापखान्याने हे न पाळता पूर्ण गठ्ठा छापला आणि पेन मुकं झालं. तेव्हापासून नमुन्याचं प्रत्येक पान पेनाने तपासल्याशिवाय छपाईला हिरवा कंदील देत नाही. फोनवर कोड स्कॅन करून आवाज ऐकवणं खूप स्वस्त पडलं असतं. पण फोन हातात आला की मूल पुस्तकापाशी थांबत नाही.

२०२० मध्ये, ७ एप्रिल ते १ जून, सिंगापूर ‘सर्किट ब्रेकर’मध्ये बंद होतं. शाळा घरून, वाचनालयं बंद. आमच्याकडे मागणी एकदम वाढली, पण मला मोलाचं वाटलं ते वेगळंच. घरी असलेले बाबा लोक पहिल्यांदा मुलाशेजारी बसून ऐकू लागले. कळत काही नव्हतं, तरी मूल त्यांना वाचून दाखवू लागलं आणि अर्थ इंग्रजीत किंवा मराठीत समजावू लागलं. त्या काळात आलेल्या निरोपांवरून आम्ही मार्गदर्शिका नव्याने लिहिली. पालकांनी चुका काढायच्या नाहीत, बरोबर उच्चार पेन ऐकवेल. पालकांनी मुलाला विचारायचं, ‘मग पुढे काय झालं?’

घराबाहेर पडलं की सिंगापूर स्वतःच एक पुस्तक होतं. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनांची नावं चिनीतही लिहिलेली असतात. चायनाटाउनचं चिनी नाव तीन सोप्या अक्षरांचं: बैल, गाडी, पाणी, कारण या भागात पूर्वी बैलगाड्यांनी पाणी यायचं. लिटल इंडियाच्या पाटीवर पहिलं अक्षर ‘लहान’. बाहेर पडायच्या दारावर ‘तोंड’ हे अक्षर, साधा चौकोन, जो दिसतो चार रेघांचा पण लिहायचा तीनच रेघांत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या आवारात, शाकाहारी घरातली मुलं ‘सू’ म्हणजे शाकाहाराचं अक्षर शोधत पुढे पळतात आणि आई-बाबांना योग्य स्टॉलसमोर नेऊन उभं करतात. या पाट्यांची एक यादी आम्ही प्रत्येक संचात मोफत घालतो.

हाँगकाँग आणि तैवानमधल्या मराठी कुटुंबांकडूनही विचारणा येते. त्यांना आम्ही सरळ नाही म्हणतो. तिथे पारंपरिक अक्षरं चालतात, आमचे संच सोप्या केलेल्या अक्षरांचे. तैवानच्या शाळा तर उच्चारासाठी पिनयिनऐवजी वेगळी चिन्हं शिकवतात आणि हाँगकाँगच्या घराघरांत कँटोनीज बोलली जाते. अर्धवट उपयोगाची वस्तू लांबवर पाठवून पैसे घेणं बरोबर नाही.

सध्या चौथ्या संचाचं काम चालू आहे, प्रायमरी थ्रीच्या पुढच्या मुलांसाठी, मोठ्या गोष्टींचा. लाओशी गोष्टी लिहितात, मी आणि नवरा आमच्या अपुऱ्या चिनीत त्या वाचतो, आणि आम्ही जिथे अडतो तिथे त्या वाक्य बदलत नाहीत, चित्र बदलतात. नवीन पालकांना एवढंच सांगते: मूल के-वनमध्ये असेल तर कानांचा संच घ्या. ते आधीच शाळेत वाचत असेल तर तो घेऊ नका, आधी आम्हाला फोन करा, लाओशी मुलाशी थोडा वेळ बोलतील आणि कुठून सुरू करायचं ते सांगतील. त्याचे आम्ही पैसे घेत नाही.