एकाच वर्षाची अनेक नावे

रोमन सम्राट ऑगस्टसचा जन्म इसवी सनपूर्व 63 मधला आणि मृत्यू इसवी सन 14 मधला. त्याचे वय काढताना मी सरळ बेरीज केली आणि 77 हा आकडा वहीत लिहून मोकळा झालो. चूक शून्याची होती. इसवी सनपूर्व 1 संपले की लगेच इसवी सन 1 लागते, मध्ये शून्य वर्ष नाही.

ही गणना डायोनिसियस एक्झिग्युअस या ख्रिस्ती साधूने 525 मध्ये मांडली. त्यामुळे ज्या वर्षाला आपण बिनदिक्कत 1 म्हणतो, ते जगलेल्या रोमनांना त्या एकाचा पत्ताच नव्हता. त्यांच्या लेखी ते गायस सीझर आणि लुसियस एमिलियस पॉलस यांच्या कॉन्सलपदाचे वर्ष होते; कॉन्सल म्हणजे दरवर्षी नव्याने नेमले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी. वर्षाला माणसांची नावे देण्यात जिव्हाळा आहे खरा, पण दोन वर्षांमधले अंतर सांगायचे तर सगळी नामावळीच मुखोद्गत हवी. रोमच्या स्थापनेपासून मोजले तर ते 754 वे, तेही व्हॅरो या विद्वानाचा हिशेब मानला तरच.

बॅबिलोनचे लेखनिक मात्र पक्के हिशेबी. आधीच्या सेल्युसिड या ग्रीक राजघराण्याच्या जागी इराणच्या पार्थियनांचे राज्य आले तरी मातीच्या पाटीवर नव्या राजवंशाचे वर्ष आणि त्याला जोडून जुने सेल्युसिड वर्ष, असे दोन्ही आकडे ते कोरत. दोहोंत 64 चे अंतर असे. त्यांचे वर्ष वसंतात सुरू होई; इसवी सन 1 च्या वसंतात 248 वे आणि 312 वे लागले. चीनमध्ये बालसम्राट फिंगच्या कारकिर्दीत 'युआनशी' हे नवे पर्व त्याच वर्षी सुरू झाले, म्हणजे योगायोगाने तिथेही ते पहिलेच!

भारतीय ज्योतिषाच्या गणिताने त्या वर्षी कलियुगाची 3102 वर्षे 'गत' झाली होती. गत म्हणजे सरलेली; चालू वर्ष त्याच्या पुढचे. कलियुगाची 3600 वर्षे सरली तेव्हा आपल्याला तेवीस पूर्ण झाली होती, असे आर्यभट सांगतो. तेविसावे सरून चोविसावे लागणे आणि तेविसावे चालू असणे यांतला फरक मराठी माणसाला वेगळा समजवावा लागत नाही.

खगोलशास्त्रज्ञांनी इसवी सनपूर्व 1 लाच शून्य मानले, म्हणून त्यांच्या लेखी ऑगस्टसचे जन्मवर्ष उणे 62. तिथपासून 14 पर्यंत 76 होतात, पण सम्राटाची पूर्ण झाली होती पंचाहत्तरच. शहात्तरावे सरायला पस्तीस दिवस उरले होते.