रिबीन तेराव्या अध्यायात

दुपारी कपाट आवरताना लहानपणीचं बायबल हाती लागलं. लाल रिबीन अजून तिथंच, लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात. कातडीवरचे चट्टे, त्यातले केस पांढरे झालेत का ते याजकानं बघायचं, सात दिवस वेगळं ठेवायचं, पुन्हा बघायचं... रिबिनीचा रंग पानाला लागून तिथं एक गुलाबी रेघ उमटलीय. मुक्काम तसा बराच लांबला म्हणायचा.

सातवीत गणिताचा पेपर असा काही गेला होता, की घरी आल्या आल्या पलंगाशी गुडघे टेकले आणि प्रभूला सांगून टाकलं, एवढा पास कर, अख्खं बायबल वाचून काढतो. पास झालो. अगदी काठावर, त्यामुळे देवानंही आपल्या बाजूनं जेमतेमच केलंय असं तेव्हा वाटलं होतं. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात संपतं, हा हिशेब मात्र मी चोख केला. पहिलं पुस्तक, उत्पत्ती, झरझर गेलं. दुसऱ्यात, निर्गमात, समुद्र दुभंगेपर्यंत मजा होती, मग निवासमंडपाचे, म्हणजे देवासाठीच्या तंबूचे, पडदे, खुंट्या आणि आकडे सुरू झाले. लेवीयात गाडी रुतली ती रुतलीच.

आज उगाच पुढची पानं चाळली, तर लेवीयचा शेवटचा, सत्ताविसावा अध्याय नवसांचाच निघाला! म्हणजे नवस मोडून तेराव्यात बसलेल्या माणसाला तो सापडूच नये अशी सोय. नवसाला दिलेलं जनावर बदलायचं नाही, चांगल्याच्या जागी वाईट नाही आणि वाईटाच्या जागी चांगलंही नाही. बदललंच तर दोन्ही देवाचे. अर्पण केलेलं घर परत हवं असेल तर किमतीवर पाचवा हिस्सा जास्त मोजा. माणूस वचन देताना काय काय पळवाटा काढील, याचा कुणीतरी बारकाईनं विचार केलेला दिसतो.

मी बदलाबदलीतला जुना खेळाडू. पहाटेच्या प्रार्थनेची सकाळची झाली, सकाळची अंथरुणातली झाली. वाचायच्या ऐवजी कानात लावून ऐकायला लागलो, तर पौलाच्या पत्रातच झोप लागली. हल्ली तर वचन देतानाच ‘शक्यतो’ म्हणून ठेवतो.

उत्पत्तीतल्या याकोबानं बेथेल नावाच्या ठिकाणी नवस केला, सुखरूप परत आण, अन्नवस्त्र दे, मग तू माझा देव. पुढं वीस वर्षं लाबानमामाकडं काढून परतला, तरी ‘ऊठ, बेथेलास जा’ असं देवालाच सांगावं लागलं. हे वाचलं की जरा बरं वाटतं. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं वाचलं की वाटत नाही. २ जुलै १५०५ ला वादळात जवळच वीज कोसळली, घाबरून ‘संन्यासी होईन’ म्हणाला, आणि पंधरा दिवसांत एरफुर्टच्या मठात दाखल. मित्रांनी समजावून पाहिलं, वडील भडकले. माझ्यावर वीज पडली असती, तर मी आधी पाऊस थांबायची वाट पाहिली असती.

गणिताचं एक सोडा. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर, लाल दिव्याकडं बघत म्हणालो होतो, बाबांना वाचव, मी दादाशी बोलतो. ‘शक्यतो’ म्हणायचं तेव्हा सुचलं नाही.

बाबा वाचले. दर रविवारी चर्चमधून आलं की बूट काढता काढता विचारतात, “दादाचा फोन?”

“नाही आला.”

“तू करतोस?”

“करतो.”

रिबीन उचलून चौदाव्या अध्यायात ठेवली आणि कपाट लावलं. आतल्या खोलीत बाबा खोकले.