तुम्ही विचारलंत म्हणून : टिळकांनी माफी मागितली होती का?

गणपतीत केसरीवर बोलायला बोलावतात आणि दरवर्षी कोणीतरी मागून उठून हेच विचारतं, की 1898 ला टिळक सहा महिने आधी सुटले ते सरकारच्या अटी मान्य करून, मग ती माफीच ना? विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, टाळी हवी असते. आणि त्याला झापणारे पुढच्या रांगेतले काकाही वाचून आलेले नसतात. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

माफीची वेळ आली होती ती 1897 ला, शिक्षेच्या आधी. पुण्यातला प्लेगचा अधिकारी रँड, त्याच्यावर गोळी झाडली गेली 22 जूनला, टिळकांना पकडलं 27 जुलैला मुंबईत. खटला मात्र खुनाचा नव्हता, केसरीतल्या मजकुराचा होता, कलम 124अ, म्हणजे राजद्रोह. आधी जामीन नाकारला, मग न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला, त्यासाठी भांडले दावर वकील (हेच दावर 1908 ला जज्ज होऊन बसले आणि टिळकांना जामीन नाकारून सहा वर्षं देऊन मोकळे झाले, पण तो विषय वेगळा). बंगालने पैसे गोळा करून बॅरिस्टर पाठवले. आणि त्याच बंगालमधून, अमृत बझार पत्रिका या वर्तमानपत्राच्या मोतीलाल घोषांशी पत्रव्यवहार सुरू होता, विषय हा की थोडं नमतं घेऊन प्रकरण मिटतंय का. आता हे घोष काही सरकारधार्जिणे नव्हते, मित्र होते, आणि काळजीने विचारणाऱ्या मित्राला नाही म्हणणं सगळ्यात अवघड. टिळकांनी कळवलं ते साधारण असं : ते मागतायत ते म्हणजे गुन्हा कबूल करणं, लोकांत माझी जी किंमत आहे ती माझ्या चारित्र्यावर आहे, ती घालवून महाराष्ट्रात राहणं आणि अंदमानात राहणं मला सारखंच. घरी बायकोपोरं, अंगावर केसरी-मराठाचा पसारा, समोर जूरीत नऊपैकी सहा युरोपियन. ते सहा दोषी म्हणाले, उरलेले तिघं निर्दोष. अठरा महिने सक्तमजुरी! न्या. स्ट्रेची यांनी राजद्रोहाचा अर्थ लावला तो सरकारबद्दल प्रेम नसणं, म्हणजे मग अख्खं पुणंच आत टाकायला हवं होतं. तुरुंगात कांदा घातलेली भाकरी, काथ्याचं काम, तब्येत पार ढासळली.

सुटकेचा अर्ज केला तो संस्कृतचे पंडित मॅक्सम्युलर, विल्यम हंटर, दादाभाई वगैरे मंडळींनी. अटी दोन : सुटकेचा जल्लोष करायचा नाही, आणि सरकारविरुद्ध अप्रीती पसरेल असं काही करायचं, बोलायचं, लिहायचं नाही. मोडली तर माफ केलेले सहा महिने भोगायचे. 6 सप्टेंबर 1898 ला सुटले.

कॉलेजात असताना मी म्हणायचो की अट म्हणजे नुसता कागद, गनिमी कावा. आज तसं म्हणवत नाही. संपादकाने 'लिहिणार नाही' असं लिहून देणं ही लहान गोष्ट नाही, आणि त्यांचे भक्त हे वाक्य गिळून टाकतात त्याचा मला वैताग येतो. पण माफी? दिलगिरी म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं हो, 1882 च्या कोल्हापूर प्रकरणात तिथल्या दिवाणांविरुद्ध छापलेली पत्रं बनावट निघाली तेव्हा आगरकर आणि ते दिलगिरी देऊन मोकळे झाले, तरी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढलेच. चुकलं तिथे दिली, चुकलं नाही तिथे दिली नाही, इतकं तरी माना.

खुपतं ते वेगळंच. सुटल्यावर केसरीची सूत्रं त्यांनी लगेच घेतली नाहीत, पुन्हा लिहायला लागल्याचा अग्रलेख, 'पुनश्च हरिः ॐ', आला 4 जुलै 1899 ला. मूळ अठरा महिने मार्चमध्येच भरले असते. तब्येत म्हणा, घरचे व्याप म्हणा, का ते सहा महिने आधी उलटून जाऊ द्यायचे होते? शेवटचं खरं असेल तर तो हिशोबीपणा मला आवडतो की नाही, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.